पंचवीस सेंटिमीटरवरची रेषा

या दिवाळी अंकाचे संपादक माझे जुने विद्यार्थी. दसरा जवळ आला की त्यांचा फोन येतो, "सर, नोकरीतलं काहीतरी लिहा." आणि मी दर वर्षी काहीतरी गमतीचं देत आलो. वळूंच्या रेताबरोबर आमच्या यंत्राचा नायट्रोजन कसा यायचा, हे एकदा लिहिलं. विहिरीतल्या दगडात सोनं शोधायला आलेल्या मंडळींविषयी एकदा लिहिलं. लोक हसले, पत्रं आली. जे लिहायला हवं होतं त्याच्या कडेकडेने मी फिरत राहिलो. कमलचं नाव मी एकदाही येऊ दिलं नाही. यंदा तेच लिहितो आहे. ज्यांना गंमत हवी असेल त्यांनी पान उलटावं.

बीडच्या एका महाविद्यालयात मी पदार्थविज्ञान शिकवलं आणि त्याच इमारतीच्या मागच्या दोन खोल्यांत अणुकेंद्रकातून निघणारे गॅमा किरण मोजले. हे काम काय असतं ते आधी सांगतो, नाहीतर माझा गुन्हा कळायचा नाही.

अणूच्या पोटात केंद्रक असतं. त्याला ऊर्जेच्या ठरावीक पातळ्या असतात. इमारतीला मजले असावेत तशा, फक्त मजल्यांची उंची सारखी नसते. वरच्या मजल्यावर गेलेलं केंद्रक तिथे टिकत नाही. ते खाली उतरतं आणि उतरताना दोन मजल्यांमधल्या अंतराएवढी ऊर्जा गॅमा किरणाच्या रूपाने बाहेर फेकतं. आत जाऊन मजले पाहता येत नाहीत. बंद इमारतीबाहेर उभं राहून जिन्यावरच्या पावलांचे आवाज ऐकायचे आणि आत मजले किती, कोणता किती उंचीवर, हे सांगायचं, असं ते काम. एकेका किरणाची ऊर्जा मोजत गेलं की कागदावर आलेख उमटतो. एकाच ऊर्जेचे किरण पुन्हा पुन्हा आले की तिथे उंचवटा तयार होतो. त्या उंचवट्याला आम्ही रेषा म्हणतो. रेषा म्हणजे एक उडी.

किरण पकडायला जर्मेनियमचा मुठीएवढा स्फटिक होता. एका मोठ्या संस्थेने वापरून झालेला, सरकारी योजनेतून आमच्याकडे आलेला. तो चालवायचा तर उणे दोनशेच्या जवळपास थंड ठेवावा लागतो, म्हणजे द्रव नायट्रोजन हवा. बीडमध्ये द्रव नायट्रोजन एकाच ठिकाणी येत असे, जनावरांच्या दवाखान्याच्या गोदामात. वळूंच्या रेताच्या कांड्या त्यातच बुडवून ठेवतात. गोदाम सांभाळणारे गफूरभाई मला पाहिलं की कपाळावर हात मारायचे.

"आले का सर? तुमच्या एका मशिनीपायी तालुक्यातल्या म्हशी गाभण ऱ्हायच्या न्हाईत बघा."

"गफूरभाई, आठवड्याला एक कंटेनर. जास्त नाही मागत."

"म्हशीला सांगू का असं?"

तरी ते द्यायचे. रिक्षात मांडीशी कंटेनर धरून मी कॉलेजात यायचो, झाकणातून पांढरी वाफ निघत राहायची आणि रिक्षावाला दर वेळी विचारायचा, "फुटतंय का हो हे?"

दगडाची गोष्टही खरी आहे. युसूफ वडगाव हे माझं गाव. आमचं घर जमीनजुमल्याचं, चुलते राजकारणातले. चुलत्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ चार माणसं घेऊन आले आणि विहिरीत सापडलेला दगड त्यांनी टेबलावर ठेवला.

"मशिनीत घालून सांगा सर. सोनं हाय का युरेनियम."

मी दिवसभर मोजला. "काळा दगड आहे," मी म्हणालो.

"काळा हाय ते तर आमाला बी दिसायलंय. मंग मशीन कावून घेतली?"

मी हे फार वेळा हसत सांगितलं आहे. आता वाटतं, त्या माणसाने विचारलेला प्रश्न बरोबर होता. ज्याला यंत्राचं उत्तर नको असतं त्याने यंत्र घेऊ नये.

आमच्या खोलीत एक जाड नोंदवही होती, पानांवर क्रमांक छापलेली. कोणता नमुना, डिटेक्टरपासून, म्हणजे त्या स्फटिकापासून, किती अंतरावर, किती तास मोजला, काय दिसलं. पेन्सिल चालत नसे. चूक झाली तर खोडायचं नाही, गिरवायचं नाही. चुकीवर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी. शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. हा दंडक माझा. नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी मी बजावत असे, "जे मोजलं नाही ते लिहायचं नाही."

कमललाही हेच सांगितलं होतं.

कमल लिंबागणेशची. घर मेंढरं राखणाऱ्यांचं. एम.एस्सी. झाल्यावर युसूफ वडगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात ती तासिका तत्त्वावर शिकवू लागली आणि माझ्याकडे पीएच.डी.साठी आली. तेव्हा ती तिशीत असावी. तीन दिवस वडगाव, तीन दिवस माझी प्रयोगशाळा, मधल्या वेळात एसटी. वडगावच्या त्या तासिका मीच शब्द टाकून मिळवून दिल्या होत्या आणि हे मी तिला कधी विसरू दिलं नाही. आमच्या महाविद्यालयात एक कायमची जागा निघणार होती. पीएच.डी. झाली की ती कमलला मिळेल, असं सगळेच धरून चालले होते. तीही.

हातात कसब असलेली अशी विद्यार्थिनी मला पुन्हा मिळाली नाही. आलेखावरचा एखादा फुगवटा ती बोटाच्या पेराने चाचपून पाहायची, जसं काही कागदाला उंची आहे. "सर, ही भिंतीतली," असं म्हणायची. विटा-मातीतूनही थोडे किरण येतच असतात, ती रेषा प्रत्येक आलेखात असते. पहिल्या महिन्यातच तिला ती न पाहता कळू लागली.

तिचे वडील बापू एकदा प्रयोगशाळेत आले. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. चप्पल बाहेर काढून दाराशीच उभे राहिले. मी आत या म्हटलं तेव्हा आले. कमल त्यांना आमची नेहमीची अडचण समजावून सांगत होती. केंद्रक तिसऱ्या मजल्यावरून दुसऱ्यावर येतं आणि लगेच तिथून तळाला. दोन उड्या, दोन किरण, पण इतके पाठोपाठ की दोन्ही एकदम स्फटिकात शिरले तर यंत्राला वाटतं एकच मोठा किरण आला. मग आलेखावर दोघांच्या बेरजेच्या जागी एक रेषा उमटते. ती खोटी. तशी उडी केंद्रकाने मारलेलीच नसते.

बापूंनी मान हलवली. "म्हंजी मास्तर, दोन मेंढरं वाघुरीत एकदम घुसावी अन् मोजणाऱ्यानं एकच थोराड मेंढरू म्हणावं, तसं झालं की."

वाघूर म्हणजे त्यांचा जाळीचा कोंडवाडा. मी म्हणालो, "अगदी तसंच."

"मंग सोपं हाय. कळप तोंडाशी आणायचाच न्हाई. लांब थांबवायचा. लांबून येताना विरळ होतेत. एक-एक येतंय. मोजा निवांत."

मी थक्क झालो. आमचा इलाज हाच होता. नमुना लांब ठेवला की दोन्ही किरण एकदम स्फटिकात शिरण्याची शक्यता फारच घटते. खोटी रेषा जवळजवळ नाहीशी होते. खरी रेषा मात्र शेजारच्या रेषांच्या प्रमाणातच लहान होते.

"बापू, पीएच.डी. तुमीच करा," कमल हसली.

"मला कशाला? मला बिनपीएच.डी.ची बी मेंढरं वळखतेत."

त्या वर्षी आमच्याकडे एका धातूचा किरणोत्सारी नमुना होता. धातूचं नाव सांगत नाही. वाचकांना त्याने फरक पडणार नाही, आणि ज्यांना पडेल ते ओळखतील. नमुना अडीच महिन्यांत निम्मा होणारा. पुढच्या अडीच महिन्यांत त्याचाही निम्मा. अशा नमुन्याबरोबर काम करताना वेळ हातात नसतो. आज राहिलेलं मोजमाप पुढच्या वर्षी करू म्हटलं तर मोजायला काही उरलेलं नसतं.

या केंद्रकाशी माझा जुना संबंध होता. तरुणपणी माझ्या स्वतःच्या प्रबंधात मी त्याच्या तिसऱ्या मजल्याचं एक माप ठरवलं होतं. केंद्रकाच्या फिरण्याचं ते माप. मी ते 'चार' ठरवलं. जगातले लोक केंद्रकांची जी कोष्टकं वापरतात त्यांत तो 'चार' छापला गेला, तळटिपेत माझ्या नावासह. आयुष्यात मी मिळवलेलं एवढंच. त्या पानाचा फोटो मी दिवाणखान्यात चौकटीत लावला होता. पाहुण्यांना त्यातलं काही कळत नसे, पण बीडच्या माणसाचं नाव परदेशी पुस्तकात आहे हे कळत असे.

माप 'चार' असेल तर तिसऱ्या मजल्यावरून थेट तळाला उडी बसत नाही. निसर्ग ती जवळजवळ होऊच देत नाही. थेट उडीची ऊर्जा त्या दोन उड्यांच्या बेरजेएवढीच, म्हणजे तिची रेषा खोट्या रेषेच्या जागीच यायची. थेट उडी दिसली तर माप 'दोन'. म्हणजे मी चुकलो.

फेब्रुवारीत कमल आलेख घेऊन आली. "सर, ही बघा. दोन तगड्या रेषांची बेरीज केली की बरोबर इथं येते."

"मग बेरीजच आहे ती."

"बेरजेनं जेवढी यायला पाहिजे त्यापेक्षा लई मोठी हाय सर. दीडपट. मी हिशोब केलाय."

"हिशोब चुकला असेल."

"चुकला असंल. म्हणून तर म्हणते, लांबून बघू. पंचवीस सेंटिमीटरवर. अकरा दिवस मोजलं की कळतंय."

मी आलेख उलटा करून टेबलावर ठेवला. ती म्हणाली, "सर, तुमचा चार खरा असला तर रेषा जाईल. मंग आपण भ्यायचं कावून?"

ती हे उद्धटपणे बोलली नव्हती. पण मला ते तसंच लागलं.

मार्चमध्ये तिला वडगावला परीक्षेचं काम लागलं. जाताना म्हणाली, "मी आल्यावर सुरू करू सर. मला बघायचंय." मी हो म्हणालो आणि ती गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी नमुना पंचवीस सेंटिमीटरच्या खाचेत ठेवून मोजणी सुरू केली. का केली? माझ्या चारचा निकाल मला एकट्याला आधी पाहायचा होता.

तिसऱ्या दिवशी गफूरभाईंचा निरोप आला. टँकर वाटेत बंद पडला आहे, गोदामात आहे तेवढा नायट्रोजन कांड्यांसाठी ठेवावा लागेल. मी गेलो तर म्हणाले, "सर, आठ दिवस मशिनीला सुट्टी द्या. मंग घ्या लागंल तेवढा." त्यांचं काही चुकलं नव्हतं. स्फटिक तापण्याआधी मी विजेचा दाब उतरवला आणि मोजणी थांबवली. अडुसष्ट तास झाले होते. बेरजेच्या जागी काही दिसत नव्हतं. आणि अडुसष्ट तासांत तिथे काही असलं तरी दिसणार नव्हतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. अकरा दिवस म्हणजे दोनशे चौसष्ट तास, ते कमलने उगीच काढलेले नव्हते.

आठ दिवसांनी नायट्रोजन मिळाला असता. नमुना जिवंत होता. पुन्हा सुरुवातीपासून मोजायचं, एवढंच करायचं होतं.

मी नोंदवही उघडली आणि लिहिलं: अंतर २५ सें.मी. तास २६४. रेषा नाही. खाली सही केली.

कमल परत आली. ते पान तिने बराच वेळ पाहिलं. "आलेखाची फाईल, सर?"

"वीज गेली तेव्हा उडाली."

बीडमध्ये वीज जात असे. फायली उडत असत. तिने वही मिटली. "बरं सर. तुमी मोजलंय म्हंजी मोजलंय."

एवढ्या विश्वासाने बोललेल्या वाक्याचा मला त्या क्षणी राग आला होता, हेही लिहून ठेवतो.

तिने त्या रेषेवरचं प्रकरण प्रबंधातून काढून टाकलं. एप्रिलअखेर प्रबंध विद्यापीठात गेला. मे महिन्यात महाविद्यालय बंद, नायट्रोजन मुबलक, नमुना निम्म्याच्या आसपास उरलेला. मी एकटा रोज सकाळी जाऊन मोजणी लावू लागलो. मनाला सांगत होतो, रेषा नाहीच हे एकदा नक्की झालं की वहीतला आकडा खोटा असला तरी निष्कर्ष खरा ठरेल. म्हणजे लबाडी मागाहून खरी करून घ्यायची. बाहेर बेचाळीस अंश, आत उणे दोनशेचा स्फटिक, मध्ये मी. बावीस दिवस मोजलं.

रेषा होती. लहान, पण होती. शेजारच्या रेषा जितक्या पटीने घटल्या होत्या तितक्याच पटीने ती घटली होती, त्याहून कणभर जास्त नाही. कळप लांब थांबवला होता, मेंढरं विरळ येत होती, आणि हे थोराड मेंढरू एकटंच चालत आलं होतं.

मी आलेख छापून घेतला. घडी घालून लोखंडी कपाटात ठेवला. नोंदवहीत काहीही लिहिलं नाही. जे मोजलं नव्हतं ते लिहिलं होतं, आणि जे मोजलं ते लिहिलं नाही.

प्रबंध परत मागवता आला असता. एक अर्ज आणि माझी सही. मी स्वतःला सांगितलं, तिची पदवी तर होणारच आहे, जागा मिळणारच आहे, एका रेषेने तिचं काय अडतं? अडणार होतं ते माझं.

पण तिचं अडलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक बारीक नजरेचे निघाले. प्रकरण काढलं होतं तरी एका आलेखात तो उंचवटा राहिला होता. त्यांनी त्यावर बोट ठेवलं. "हे काय?"

"बेरजेची रेषा आहे सर," कमल म्हणाली.

"लांबून तपासलंत?"

"हो. पंचवीस सेंटिमीटरवर."

"तुम्ही स्वतः?"

ती खोटं बोलली असती तर सुटली असती. "नाही सर. आमच्या सरांनी मोजलं. फाईल नाही, नोंद आहे."

"आणि तुमचा स्वतःचा हिशोब काय सांगतो? बेरीज एवढी मोठी येते?"

"हिशोबाने नाही येत, सर."

"मग हिशोब एक सांगतो, प्रबंध दुसरंच सांगतो. तुमचा विश्वास कशावर आहे?"

तिने माझ्याकडे पाहिलं. खोलीतल्या सगळ्यांनीच पाहिलं. आलेख माझ्या कपाटात होता, तिथून चाळीस पावलांवर. मी म्हणालो, "मोजमाप पक्कं आहे. हिशोबात ती जरा कच्ची आहे."

प्रबंध दुरुस्तीसाठी परत आला. नवा नमुना तयार करून घ्या, विद्यार्थिनीने स्वतः मोजावं, मग पुन्हा सादर करा. जुना नमुना एव्हाना विझत आला होता. नवा मिळवायचा तर मुंबईला अर्ज जावा लागे आणि त्यावर मार्गदर्शकाची सही लागे. कमलने अर्ज भरून माझ्या टेबलावर ठेवला.

मी सही केली नाही. नाही म्हणालो नाही, फाडला नाही. "बघतो" म्हणत राहिलो. पावसाळा गेला, दिवाळी गेली. नवा नमुना आला असता तर तिने स्वतः मोजलं असतं, आणि पंचवीस सेंटिमीटरवर तिला ती रेषा दिसली असती. मधल्या काळात कायमची जागा भरली गेली, पीएच.डी. झालेल्या दुसऱ्या उमेदवाराने. कमलने दोनदा आठवण केली. तिसऱ्यांदा तिने अर्ज स्वतःच उचलून नेला.

शेवटच्या दिवशी प्रयोगशाळेची किल्ली परत द्यायला आली तेव्हा बापू बरोबर होते. या वेळी ते आत आले नाहीत. दारातूनच म्हणाले, "मास्तर, पोरगी मोजण्यात चुकली म्हणतेत. आमच्या घरात मोजण्यात कुणी चुकलं न्हवतं."

"होतं असं कधी कधी, बापू," मी म्हणालो.

एक गोष्ट मी स्वतःपासूनही लपवत आलो. कमलऐवजी माझ्या चुलत्यांच्या ओळखीतल्या कुणाचा मुलगा असता, तर त्याचा अर्ज असा महिनोन् महिने टेबलावर पडू देण्याची माझी हिंमत झाली असती का? नसती. आमच्या वडगावच्या घरी खतासाठी मेंढरांचा कळप शेतात बसवायला येणारी माणसं ओट्याच्या खाली बसत. मी शिकलो, बीडला आलो, त्यांना खुर्ची दिली आणि आपण वेगळे झालो असं समजलो. खुर्ची दिली, सही नाही दिली.

मी सेवानिवृत्त झालो. यंत्राचा स्फटिक पुढे निकामी झाला. नोंदवही कुठल्या तरी गठ्ठ्यात गेली. मग काही वर्षांपूर्वी सवयीने नवं कोष्टक चाळताना ते केंद्रक समोर आलं. तिसऱ्या मजल्यासमोर 'दोन' होता. परदेशातल्या एका गटाने भरपूर डिटेक्टर लावून थेट उडीची रेषा पक्की केली होती. तळटिपेत त्यांची नावं. माझं नाव गेलं होतं, ते जायलाच हवं होतं. पण जिने ती रेषा त्यांच्या कितीतरी आधी बीडमधल्या मागच्या खोलीत पेराने चाचपून ओळखली होती, तिचं नाव तिथे यायला हवं होतं. आता येणार नाही. न छापलेलं मोजमाप कोष्टकात जात नाही.

चौकटीतला फोटो मी त्या दिवशी उतरवला. भिंतीवर त्याच्या जागी पांढरा चौकोन राहिला आहे. घरात कुणी विचारलं नाही.

ती वही आता मिळणार नाही, म्हणून दुरुस्ती इथे करतो. २६४ या आकड्यावर आडवी रेघ; शेजारी ६८. 'रेषा नाही' यावर आडवी रेघ. शेजारी 'रेषा आहे. प्रथम कमलने पाहिली'. सही म्हणून लेखाखाली नाव आहेच.

मागच्या हिवाळ्यात मी निवृत्तीच्या वेळी घरी आणलेला तो आलेख खिशात घालून कमलकडे गेलो. ती बीडमध्येच एका कोचिंग क्लासमध्ये शिकवते. मुलं तिला घाबरतात आणि तिच्याच बॅचला गर्दी करतात, असं रिक्षावाल्यानेही सांगितलं. केस पांढरे झालेत. मला दारात पाहून ती फळ्यापासून लगबगीने आली, सगळ्या वर्गासमोर वाकून पाया पडली आणि मला पुढच्या खुर्चीत बसवलं.

"हे माझे सर," तिने मुलांना सांगितलं. "मी तुमाला नेहमी सांगते ना, एकदा मला एक रेषा दिसली होती, जी नव्हतीच? माझा हिशोब चुकला होता अन् मी हट्टाला पेटले होते. यांनी मोजून दाखवलं. जे मोजलं नाही ते लिहायचं नाही, हे यांचं वाक्य."

मुलांनी टाळ्या वाजवल्या.

तास संपल्यावर तिने चहा मागवला. बापूंची चौकशी केली तर म्हणाली, "हायेत. डोळ्यांनी दिसत न्हाई, तरी सांजच्याला वाघुरीपाशी जाऊन बसतेत." मग कपाकडे बघत, सहज विचारावं तसं म्हणाली, "सर, एक विचारू? तेव्हा पंचवीसवर पुरे अकरा दिवस मोजलं होतं ना तुमी?"

खिशातल्या कागदाची घडी माझ्या छातीला टोचत होती. बावीस दिवसांचा आलेख.

"अकराहून जास्तच," मी म्हणालो.

हे वाक्य अक्षरशः खरं होतं. माझ्या आयुष्यातलं याहून मोठं खोटं मला आठवत नाही.

तिने श्वास सोडला. "मग बरं. इतकी वर्षं कधी कधी वाटायचं, आपला हिशोब तर बरोबर होता. उगीच वाटायचं. आता न्हाई वाटायचं."

ती खालपर्यंत सोडायला आली. रिक्षा थांबवली, मला हाताला धरून बसवलं. तिच्या क्लासची जाहिरात या अंकात असते. अंक तिच्याकडे जाईल, ती हे वाचेल. पण छापून कळवणं म्हणजे तोंडाने सांगणं नव्हे, एवढं मला समजतं. त्या दुपारी मी तिच्यापासून पंचवीस सेंटिमीटरवरही नव्हतो.

"सर, काही काम होतं का? का सहजच आलात?"

"सहज," मी म्हणालो.

येताना रिक्षात मी तीन वाक्यं पाठ करत आलो होतो. जाताना तीच ओठांवर होती आणि ऐकायला फक्त रिक्षावाला होता. कमल, ती रेषा खरी होती. मला त्या मे महिन्यापासून माहीत होतं. मला माफ कर.